आई-वडिलांसाठी घरी आरोग्य-उपकरणे घ्यावीत का?

विचारणारे गृहस्थ नोकरीनिमित्त परदेशी असतात. त्यांचे आई-वडील साताऱ्याला दोघेच राहतात. वडील ७८ वर्षांचे आहेत. त्यांना जुना रक्तदाब आणि मधुमेह आहे आणि दोन वर्षांपूर्वी हृदयाचे स्नायू अशक्त झाल्याचे, म्हणजे हार्ट फेल्युअरचे, निदान झाले आहे. आई ७२ वर्षांच्या, प्रकृतीने ठणठणीत, मात्र झोप कमी. चिरंजीवांनी खरेदीची यादी तयार केली आहे: दोघांना स्मार्ट घड्याळे, मोबाइलला जोडले जाणारे बीपीचे मशीन, दंडावर चिकटवायचा शुगरचा सेन्सर, आईसाठी झोप मोजणारी अंगठी आणि गादीखाली ठेवायची एक पट्टी. या सगळ्याचा खरोखर काही वैद्यकीय उपयोग आहे, की ही दूर राहणाऱ्या मुलाच्या मनाची समजूत आहे, असे त्यांनी विचारले आहे.

सत्तावीस वर्षे फिजिशियन म्हणून काम करताना या प्रश्नाचे उत्तर मी प्रत्येक उपकरणासाठी वेगळे देऊ लागलो आहे; पण कसोटी मात्र सगळ्यांना एकच लावतो. यंत्रावरचा आकडा बदलला तर कोण, काय आणि किती वेळात करणार, हे आधी सांगता आले पाहिजे. ते सांगता येत नसेल, तर यंत्र कितीही अचूक असले तरी रुग्णाला त्याचा फायदा होत नाही. हे माझे केवळ मत नाही. वडिलांना जो आजार आहे, त्याच आजारात ही गोष्ट मोठ्या प्रमाणावर तपासली गेली आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

हार्ट फेल्युअरमध्ये शरीरात पाणी साठू लागते आणि धाप लागण्याच्या बरेच दिवस आधी वजन वाढते. रोज वजन पाहावे, वाढले तर पाणी काढणाऱ्या गोळीचा डोस वाढवावा आणि इस्पितळ टाळावे, हा विचार इतका सरळ आहे की तो चुकेल असे कोणालाही वाटले नसते. अमेरिकेत १,६५३ रुग्णांवर तो करून पाहिला. रुग्णांनी रोज फोनवरच्या स्वयंचलित यंत्रणेला आपले वजन आणि लक्षणे कळवायची आणि ती माहिती डॉक्टरांच्या पथकाने पाहायची, अशी योजना होती. २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा पुन्हा भरती होण्याच्या किंवा मृत्यूच्या प्रमाणात काहीही फरक आढळला नाही. पुढे जर्मनीत १,५७१ रुग्णांवर दुसरा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. त्यातही रुग्णाकडे वजनकाटा, बीपीचे मशीन आणि ईसीजी घेणारे उपकरणच होते. मोठा फरक हा की बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या केंद्रात डॉक्टर आणि परिचारिका चोवीस तास बसून होत्या, रोजचे आकडे त्याच दिवशी पाहत होत्या आणि गरज पडली की रुग्णाला किंवा त्याच्या स्थानिक डॉक्टरला फोन करून औषध बदलत होत्या. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात मृत्यूचे प्रमाण दरवर्षी शंभर रुग्णांमागे ११.३ होते, तर या गटात ७.९. उपकरणे थोडी अधिक होती, पण मुख्य फरक त्यांचा नव्हता. पलीकडे बसलेली माणसे निराळी होती. आपल्याकडे अशी माणसे पुरवणारी व्यवस्था फार थोड्या ठिकाणी आहे आणि ती यंत्राच्या खोक्यात मिळत नाही.

म्हणून वडिलांसाठी सर्वांत आधी घ्यायची वस्तू म्हणजे साधा डिजिटल वजनकाटा, ज्याची किंमत यादीतल्या कोणत्याही वस्तूपेक्षा कमी आहे. सकाळी उठल्यावर लघवीला जाऊन आल्यानंतर, काही खाण्यापूर्वी, रोज साधारण सारख्याच कपड्यांत वजन करावे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात लिहावे. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढ झाली, पायावर सूज चढली किंवा रात्री उशा वाढवाव्या लागल्या, तर काय करायचे हे त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडून आत्ताच कागदावर लिहून घ्यावे: कोणती गोळी, किती, किती दिवस, आणि कोणाला फोन. असा कागद लिहून द्यायला डॉक्टरांची बहुधा ना नसते, पण तो मागणारे रुग्ण क्वचितच भेटतात.

आता बीपीचे मशीन. घरी वापरायच्या सर्व उपकरणांत माझा सर्वाधिक विश्वास याच्यावर आहे, आणि सर्वाधिक चुकाही याच्याच वापरात होतात. दवाखान्यात घेतलेला रक्तदाब कित्येकांचा खोटा वाढलेला असतो. पांढऱ्या कोटाच्या धास्तीने तो चढतो आणि मग नको असलेली गोळी सुरू होते. उलट काहींचा दवाखान्यात उत्तम आणि घरी जास्त असतो, आणि हा प्रकार अधिक घातक आहे, कारण तो सापडतच नाही. या दोन्ही गोष्टी घरच्या मोजणीशिवाय कळणे कठीण. लक्षात ठेवायचे ते हे की घरच्या आकड्याची मर्यादा दवाखान्यातल्या १४०/९० एवढी नसून १३५/८५ आहे.

मात्र मोजणी नीट व्हायला हवी. ही यंत्रे पट्ट्यातली हवा सोडताना धमनीच्या भिंतीची थरथर टिपतात आणि तिच्यावरून वरचा व खालचा आकडा सूत्राने काढतात, म्हणून थरथर बिघडवणारी प्रत्येक गोष्ट आकडा बिघडवते. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. आधीचा अर्धा तास चहा आणि तंबाखू टाळावी. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीला असावा. हात दहा सेंटिमीटर खाली लोंबत राहिला तर केवळ त्यानेच आकडा सात-आठने वाढतो. मोजताना बोलल्यानेही सुमारे दहाचा फरक पडतो, आणि आपल्याकडे बीपी घेताना घरातले निम्मे लोक रुग्णाशी गप्पा मारत असतात. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा खोटा चढतो. एक निवृत्त मुख्याध्यापक दर महिन्याला अत्यंत सुवाच्य अक्षरात लिहिलेली वही घेऊन येत आणि सगळे आकडे १५० च्या वर असत. दोनदा औषध वाढवल्यानंतर मी त्यांना मशीन घेऊन यायला सांगितले, तेव्हा कळले की ते सदऱ्याची बाही वर सरकवून दंडावर तिचा घट्ट पिळा करत आणि पट्टा त्यावर लावत. ती चूक निम्मी माझी होती. मशीन पहिल्याच महिन्यात पाहायला हवे होते.

ॲपला जोडलेले मशीन घ्यावे की साधे, याबद्दल ब्रिटनमधला एक प्रयोग उद्बोधक आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हजाराहून अधिक रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटाने घरचे आकडे मोबाइलवरून पाठवले, दुसऱ्याने कागदावर लिहून टपालाने, आणि तिसऱ्याने नेहमीप्रमाणे फक्त दवाखान्यात मोजून घेतले. वर्षाअखेर पहिल्या दोन्ही गटांचा वरचा रक्तदाब तिसऱ्यापेक्षा तीन ते पाचने कमी होता, आणि मोबाइल व टपाल यांच्यात लक्षणीय फरक नव्हता. डॉक्टरांनी घरचे आकडे पाहून गोळ्या बदलल्या, म्हणून रक्तदाब उतरला. तेव्हा दंडाला लावायचे, प्रमाणित यादीत नाव असलेले, योग्य मापाच्या पट्ट्याचे साधे मशीन घ्यावे. अशा याद्या ‘स्ट्राइड बीपी’ या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. मनगटावरची मशीन टाळावीत. पट्टा न फुगवता रक्तदाब सांगणारी घड्याळे आणि बँड तर मुळीच नकोत. युरोपियन सोसायटी ऑफ हायपरटेन्शनच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी अशी उपकरणे निदानासाठी किंवा औषधाच्या निर्णयासाठी वापरू नयेत असे सांगितले आहे. माझ्याकडे आलेला एक स्वस्त बँड रुग्णाला ११८/७६, मला ११८/७६ आणि शेजारी बसलेल्या त्याच्या अकरा वर्षांच्या नातवालाही जवळपास तेवढेच दाखवत होता.

रोज चार वेळा मोजण्याचीही गरज नाही. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वीचे सात दिवस सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, प्रत्येक वेळी मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यावेत आणि उरलेल्यांची सरासरी न्यावी. मधल्या काळात मशीन कपाटात ठेवले तरी चालते. दर तासाला मोजणाऱ्याचा रक्तदाब काळजीनेच वाढतो.

स्मार्ट घड्याळाबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण त्यात खरे विज्ञान आहे आणि खरी फसगतही आहे. घड्याळ त्वचेवर प्रकाश टाकून नाडीचे ठोके मोजते, आणि काही घड्याळे बोट टेकवून एका लीडचा, म्हणजे हृदयाच्या विद्युत लहरी एकाच दिशेने पाहणारा, ईसीजीही घेतात. एट्रियल फिब्रिलेशन नावाच्या आजारात हृदय बेताल चालते, त्यात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो आणि कित्येकांना त्याची जाणीवही नसते. हा आजार पकडण्यासाठी घड्याळाचा उपयोग होतो. ॲपलच्या घड्याळावर ४ लाख १९ हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास झाला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अनियमित नाडीची सूचना केवळ ०.५२ टक्के लोकांना आली. त्यांच्यापैकी ज्यांनी नंतर छातीवर ईसीजीची पट्टी लावून ती परत पाठवली, त्यांच्यात ३४ टक्क्यांना हा आजार त्या पट्टीवर दिसला. हा आजार अधूनमधून येतो-जातो, त्यामुळे बाकीच्या सगळ्यांना खोटी सूचना आली असे म्हणता येत नाही; पण सूचना आली म्हणजे निदान झाले असेही नाही. खात्री ईसीजीने किंवा अंगावर ठेवून सतत ईसीजी नोंदवणाऱ्या होल्टरनेच करायची.

शिवाय आजार सापडला म्हणजे पक्षाघात टळला, असेही गृहीत धरता येत नाही. डेन्मार्कमध्ये ७० ते ९० वयाच्या, जोखीम असलेल्या ६,००४ लोकांपैकी काहींच्या छातीत त्वचेखाली सतत नोंद करणारे यंत्र बसवले. त्यांच्यात हा आजार ३१.८ टक्क्यांना सापडला, तर यंत्र नसलेल्या गटात १२.२ टक्क्यांना. रक्त पातळ करणारी औषधेही साहजिकच जास्त जणांना दिली गेली. तरी पक्षाघातात ठाम म्हणता येईल अशी घट झाली नाही. स्वीडनमध्ये ७५-७६ वर्षांच्या लोकांची ठरवून तपासणी केली, तेव्हा थोडासा फायदा दिसला. बहुधा यंत्राला सापडणारे काही मिनिटांचे झटके आणि दवाखान्यात सापडणारा टिकून राहिलेला आजार, यांची जोखीम सारखी नसावी. वडिलांच्या वयात, रक्तदाब, मधुमेह आणि अशक्त हृदय असताना ईसीजी घेणारे घड्याळ घेणे वावगे नाही. पंचविशीतल्या निरोगी माणसाने त्यासाठी घड्याळ घ्यावे असे मी सांगणार नाही. जिथे आजारच दुर्मीळ, तिथे बहुतेक सूचना निरर्थक ठरतात आणि प्रत्येक सूचनेमागे एक तपासणी व एक बिल येते.

सर्वांत धोक्याची गोष्ट मात्र वेगळीच आहे. चोपन्न वर्षांचे एक दुकानदार छातीत जड वाटते म्हणून रात्री दोनला उठले. घड्याळावर ईसीजी घेतला, त्यात ताल नियमित असल्याचे लिहून आले, आणि ते ॲसिडिटीची गोळी घेऊन झोपायचा प्रयत्न करत राहिले. सकाळी साडेसहाला आले तेव्हा हृदयाचा बराच भाग गेला होता. घड्याळ खोटे बोलले नव्हते, ताल नियमितच होता. हार्ट अटॅक ओळखायला बारा लीडचा ईसीजी लागतो आणि रक्ताची तपासणीही लागते. घड्याळाला हार्ट अटॅक कळत नाही, हे त्या घड्याळाच्याच माहितीपत्रकात लिहिलेले असते. छातीत दुखते, घाम येतो, डावा हात किंवा जबडा जड होतो, अशा वेळी घड्याळाकडे पाहूच नये, १०८ ला फोन करावा. हे घरातल्या दोघांना आणि शेजाऱ्यांनाही सांगून ठेवावे.

शुगरच्या सेन्सरबद्दल माझे उत्तर वडिलांच्या औषधांवर अवलंबून आहे. टाइप वन मधुमेहात, आणि दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेणाऱ्यांत, या सेन्सरने खरा फरक घडवला आहे. रात्री झोपेत साखर उतरली तर तो वाजतो आणि कित्येक आई-बापांना त्यामुळे झोप मिळू लागली. वडील केवळ मेटफॉर्मिनसारख्या, साखर एकदम न पाडणाऱ्या गोळ्यांवर असतील, तर कायमचा सेन्सर हा खर्चच आहे. एकदा पंधरवडाभर लावून पोहे, साबुदाण्याची खिचडी आणि ज्वारीची भाकरी यांनी त्यांची साखर कशी हलते हे पाहिले, तर तेवढे शिकणे उपयोगी पडते. ते साखर एकदम पाडू शकणारी ग्लिमेपिराइड गटातली गोळी किंवा इन्सुलिन घेत असतील, तर या वयात साखर वाढण्यापेक्षा ती पडण्याचे भय जास्त आहे. तेव्हा चांगला ग्लुकोमीटर घरात हवाच, आणि साखर वारंवार पडत असेल तर सेन्सरही रास्त आहे. सेन्सर रक्तातली नव्हे तर त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून तो काही मिनिटे मागे असतो. त्या कुशीवर झोपले तर दाबामुळे तो खोटी कमी साखर दाखवतो, आणि मध्यरात्री घरभर धावाधाव होते. आकडा आणि माणूस जुळत नसेल तर बोटाला टोचून खात्री करावी. त्वचेला न टोचता साखर सांगणाऱ्या घड्याळ-अंगठ्यांच्या जाहिराती येतात. औषधे व वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट बजावले की असे एकही घड्याळ किंवा अंगठी त्यांनी मान्य केलेली नाही. त्या आकड्यावर इन्सुलिन घेणारा जिवावर बेतून घेईल.

ऑक्सिमीटर कोविडच्या काळात घराघरात आला आणि तेव्हा त्याने जीव वाचवले, कारण ९४ च्या खाली गेले की इस्पितळ गाठायचे, हे सर्वांना ठाऊक होते. बाजारात तेव्हा भलतेच नगही आले होते. बोटाऐवजी पेन्सिल घातली तरी ९८ दाखवणारा एक नग माझ्या टेबलावर आला होता. चांगले यंत्रही थंड बोटावर किंवा गडद नेलपॉलिशवर चुकते. २०२० च्या अखेरीस अमेरिकेतून आलेल्या एका अभ्यासात, कृष्णवर्णीय रुग्णांत लपलेली ऑक्सिजनची कमतरता या यंत्रातून निसटण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट आढळले. आपल्या सावळ्या त्वचेच्या लोकांनी एवढे ध्यानात ठेवावे की यंत्र ९५ म्हणत असताना माणूस धापा टाकत असेल, तर माणसावर विश्वास ठेवायचा. घरात असेल तर राहू द्या, नसेल तर वडिलांसाठी वजनकाट्याच्या नंतर घ्या.

आईची अंगठी आणि गादीखालची पट्टी घेऊ नये. ही उपकरणे झोपेचे तास बऱ्यापैकी सांगतात, पण गाढ झोप किती, स्वप्नांची किती, हे त्यांना नीट कळत नाही. झोपेचा गुण कमी आला म्हणून दिवसभर थकल्यासारखे वाटणारी माणसे अमेरिकेतल्या डॉक्टरांना इतकी दिसू लागली की २०१७ मध्ये त्यांनी या अवस्थेला ‘ऑर्थोसोम्निया’ असे नावच दिले. मुळात झोप कमी असलेल्या बाईला रोज सकाळी गुणपत्रिका देणे मला पटत नाही. आई मोठ्याने घोरत असतील, झोपेत श्वास अडकत असेल किंवा दिवसा डुलक्या येत असतील, तर मात्र योग्य ठिकाणी रीतसर झोपेची तपासणी करावी.

घड्याळातली पडल्याचे ओळखण्याची सोय तेवढी मी मनापासून सुचवेन, तीही मर्यादा सांगून. धाडकन पडणे घड्याळाला कळते. भिंतीला धरून हळूहळू खाली बसलेला माणूस कळेलच असे नाही. आणि बहुतेक जण घड्याळ रात्री चार्जिंगला लावतात, जेव्हा बाथरूमला जाताना पडण्याची भीती सर्वाधिक असते, म्हणून चार्जिंगची वेळ संध्याकाळी टीव्ही पाहतानाची ठेवावी. शिवाय घड्याळाचा फोन साताऱ्यात कोणाला जातो हे महत्त्वाचे. तो परदेशात मुलाला गेला तर मध्यरात्री तो काय करणार? यादीतून कमी झालेल्या पैशांत बाथरूमला धरायचे दांडे बसवावेत, पलंगापासून बाथरूमपर्यंत मंद दिवा लावावा, आतली कडी काढून बाहेरून उघडता येईल असे कुलूप लावावे आणि घराची एक किल्ली शेजारी द्यावी.

राहिला प्रश्न आकडे कोण पाहणार याचा. भारतात मार्च २०२० पासून टेलिमेडिसिनचे अधिकृत नियम आहेत आणि नोंदणीकृत डॉक्टर फोनवर सल्ला देऊन त्याची फी घेऊ शकतात. चिरंजीवांनी रोज ॲप उघडून वडिलांना फोनवर विचारणा करण्यापेक्षा, साताऱ्यातल्याच फॅमिली डॉक्टरांशी महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या फीत, सात दिवसांचे बीपी आणि महिन्याचे वजन पाहण्याचे बोलून घ्यावे. आधी एवढे तीन महिने चालवून पाहावे. कॅलेंडरवर वजनाचे चौकोन भरलेले दिसले, तर घड्याळाची ऑर्डर द्यावी.